रुग्णालयातील नोकरीसाठी अर्ज आणि मुलाखत : कोल्हापूर परिसरातील उमेदवारांसाठी तयारीचा क्रम

कोल्हापूर जिल्ह्यातून दरवर्षी जीएनएम (परिचारिका पदविका), बी.एस्सी. नर्सिंग, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविका) आणि डी.फार्म. (औषधनिर्माण पदविका) उत्तीर्ण झालेली मुले-मुली नोकरीसाठी बाहेर पडतात आणि त्यांच्यापैकी अनेक जण एकच रीत अवलंबतात. एक बायोडाटा टाइप करून घ्यायचा, त्याच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढायच्या आणि राजारामपुरीपासून ताराबाई पार्कपर्यंत दिसेल त्या रुग्णालयाच्या रिसेप्शनवर एकेक प्रत ठेवत जायचे. महिनाभर फोन आला नाही की ‘वशिल्याशिवाय काही होत नाही’ असे मत पक्के होते. रुग्णालयातील भरतीच्या कामात अनेक वर्षे सहभागी असल्यामुळे मला हे मत मान्य नाही. ओळखीचा उपयोग होतो, हे खरे आहे. परंतु रात्रपाळीला माणूस कमी असताना कोणत्याही मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख अधिसेविकेला, ओळखीपेक्षा काम करणारे हात हवे असतात. अर्ज वाचताना आणि मुलाखत घेताना तिच्या मनात एकच प्रश्न असतो : उद्या या व्यक्तीला वॉर्डात एकटे ठेवले, तर रुग्ण सुरक्षित राहील का? पुढील सारी तयारी या प्रश्नाचे उत्तर कागदावर आणि तोंडी कसे द्यावे, याची आहे. उदाहरणे बहुतांशी परिचारिकांची घेतली आहेत. तंत्रज्ञ आणि औषधनिर्माते यांना त्यांत आपापल्या कामाची भर सहज घालता येईल.

रुग्णालय कोणाचे आहे, हे आधी पाहा

अर्ज लिहिण्यापूर्वी भरती कोण करते, हे समजून घ्यावे, कारण तयारीची दिशा त्यावर ठरते. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. कसबा बावड्याचे सेवा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचे, तर तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची आहेत. या प्रत्येकाची जाहिरात वेगळी निघते आणि अटीही वेगळ्या असतात. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स यासारख्या पदाच्या सरळसेवा भरतीत ऑनलाइन परीक्षा आणि त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी असा क्रम असतो. तेथे मुलाखतीची तयारी करत बसण्यापेक्षा मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि नर्सिंगचा अभ्यासक्रम यांवर वेळ द्यावा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे कंत्राटी असतात आणि काही पदांसाठी थेट मुलाखती होतात. तेथे मूळ कागदपत्रांचा संच घेऊन सकाळीच रांगेत उभे राहावे लागते.

खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत मात्र अर्ज आणि मुलाखत हेच सर्व काही असते. कदमवाडीचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, कणेरीच्या सिद्धगिरी मठाचे रुग्णालय, शहरातील हृदयरोगाची वा हाडांची खास रुग्णालये आणि गडहिंग्लज, जयसिंगपूर, इचलकरंजीतील वीस-तीस खाटांची रुग्णालये यांच्या गरजा एकसारख्या नसतात. मोठ्या रुग्णालयात तुम्हाला एका विभागात नेमतात आणि तेथील लेखी कार्यपद्धती पाळण्याची अपेक्षा असते. लहान रुग्णालयात तीच परिचारिका सकाळी ड्रेसिंग करते, दुपारी ओटीत (शस्त्रक्रियागृहात) उभी राहते आणि संध्याकाळी डिस्चार्जचे कागद पाहते. ‘मला सर्व विभागांची आवड आहे’ हे वाक्य मोठ्या रुग्णालयात पोकळ वाटते आणि लहान रुग्णालयात कामाला येते. म्हणून एकच अर्ज सगळीकडे चालत नाही.

अर्ज करण्यापूर्वी अर्धा दिवस काढून त्या रुग्णालयाची माहिती गोळा करावी. किती खाटा आहेत, आयसीयू आणि डायलिसिस आहे का, एनएबीएचचे (रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) मानांकन आहे का, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली रुग्ण घेतले जातात का, एवढे पाहिले तरी बरेच काही कळते. योजनेतील रुग्णांच्या फाइलला नोंदी, फोटो आणि कागद अधिक लागतात, त्यामुळे तेथे नोंदी नीटनेटक्या ठेवणाऱ्या माणसाला महत्त्व असते. एनएबीएचची तयारी चालू असेल, तर संसर्ग नियंत्रण आणि रुग्णसुरक्षा यांवर प्रश्न येणार, हे गृहीत धरावे. ओपीडीच्या बाहेर थोडा वेळ बसले तरी रुग्ण कोठून येतात, हे ऐकू येते. कोल्हापुरात शिरोळ-निपाणीकडचे कानडी बोलणारे रुग्ण येतात, घाट चढून सिंधुदुर्गातून येतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या मजुरांची कुटुंबेही येतात. तुम्हाला कानडी येत असेल, तर ते बायोडाटात ठळकपणे लिहावे. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

कागदपत्रांची फाइल

चांगला उमेदवार हातचा जातो तो बहुधा या टप्प्यावर. नोकरीची जाहिरात आल्यावर कागद शोधायला लागणे म्हणजे उशीर झालाच. फाइलमध्ये दहावी-बारावीची गुणपत्रके, पदविका किंवा पदवीची प्रत्येक वर्षाची गुणपत्रके आणि प्रमाणपत्र, परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, आधार, पॅन आणि हिपॅटायटिस-बी लसीकरणाची नोंद असावी. शासकीय भरतीसाठी अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, एमएस-सीआयटी आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र यांची भर पडते. यांतील तारखा काळजीपूर्वक पाहाव्यात. शैक्षणिक अर्हता आणि नोंदणी जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पूर्ण झालेली असावी लागते आणि नंतर आणून दिलेला कागद पडताळणीत ग्राह्य धरला जात नाही.

परिषदेची नोंदणी हा यातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. परिचारिकांसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, औषधनिर्मात्यांसाठी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांसारख्या संवर्गांसाठी महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद आहे. नोंदणी कधी संपते, हे आजच पाहावे. नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, तर त्याची पावती फाइलला लावावी. ‘नंबर येईल, मॅडम’ असे सांगून वेळ मारून नेता येत नाही, कारण नोंदणी नसलेल्या परिचारिकेला ड्यूटी देणे रुग्णालयाला कायद्याच्या दृष्टीने महागात पडू शकते.

विवाहित मुलींनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. गुणपत्रकावर आणि नोंदणीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे नाव, पॅनवर मधले नाव गाळलेले, अशा फाइली नेहमी समोर येतात. ही एकच व्यक्ती आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी उमेदवारावर असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचे राजपत्र हे दोन कागद त्यासाठी लागतात, आणि राजपत्रातील प्रसिद्धीला वेळ लागतो. त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता हे काम आधीच उरकावे. तोपर्यंत अर्जात नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहावे आणि पुढे ‘विवाहानंतरचे नाव’ म्हणून दुसरे द्यावे.

फाइलमधील प्रत्येक कागद स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात मोबाइलमध्ये आणि ई-मेलवर ठेवावा. फाइलचे नाव ‘स्कॅन००१’ असे न ठेवता कागदाचे आणि स्वतःचे नाव द्यावे. पंचगंगेच्या महापुरात २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली अनेक घरांतील कागदपत्रे भिजून गेली. नदीकाठच्या गावांतील उमेदवारांना या सल्ल्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

बायोडाटा : काय येते, ते दिसू द्या

बायोडाटा दोन पानांच्या आत असावा. नवशिक्या उमेदवाराला एक पान पुरते. सर्वांत वर नाव, फोन, ई-मेल, राहण्याचे ठिकाण आणि त्याच्याच खाली नोंदणी क्रमांक वैधतेच्या तारखेसह द्यावा. त्यानंतर अनुभव, मग शिक्षण आणि शेवटी भाषा व प्रशिक्षणे. वडिलांचा व्यवसाय, रास, उंची, छंद यांना येथे जागा नाही. लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तरीही सायबर कॅफेतला एकच साचा दोन्हींसाठी वापरलेला दिसतो.

अनुभवाच्या रकान्यात सर्वाधिक मेहनत घ्यावी. बहुतेक बायोडाटात असे लिहिलेले असते : ‘एक वर्ष स्टाफ नर्स म्हणून काम केले. रुग्णांची काळजी घेणे, डॉक्टरांना मदत करणे, औषधे देणे.’ हे वाक्य कोणत्याही परिचारिकेला लागू पडते, म्हणून त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तेच असे लिहिता येईल : ‘तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात १४ महिने, त्यांपैकी शेवटचे सहा महिने रात्रपाळीला आठ ते दहा रुग्णांची स्वतंत्र जबाबदारी. शिरेत कॅन्युला लावणे, रायल्स ट्यूब आणि मूत्रनलिका घालणे, रक्त चढवताना निरीक्षण, नेब्युलायझेशन आणि ईसीजी ही कामे स्वतंत्रपणे केली. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची शुश्रूषा वरिष्ठांच्या देखरेखीखाली केली.’ यातील शेवटचे वाक्य उमेदवाराला कमीपणा आणणारे वाटेल. प्रत्यक्षात मेट्रनचा विश्वास त्याच वाक्याने बसतो. स्वतंत्रपणे काय येते आणि देखरेखीखाली काय केले, हा फरक जी स्वतःहून सांगते, ती वॉर्डातही न येणारे काम ‘येते’ म्हणून रुग्णावर करून पाहणार नाही.

नुकतेच उत्तीर्ण झालेल्यांनी ‘अनुभव नाही’ असे लिहून तो रकाना मोकळा सोडू नये. प्रशिक्षण काळात कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, किती आठवडे पोस्टिंग झाले, हे लिहावे. प्रसूती विभागातील नोंदवही, केस स्टडी, ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्याचे पोस्टिंग, लसीकरण सत्रातील सहभाग हा सारा अनुभवच आहे. तंत्रज्ञांनी कोणत्या बनावटीच्या यंत्रांवर काम केले, दिवसाकाठी साधारण किती नमुने हाताळले आणि गुणवत्ता नियंत्रणाच्या नोंदी स्वतः ठेवल्या का, हे सांगावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ओळखीच्या डॉक्टरांकडून घेतलेला, प्रत्यक्षात न केलेल्या कामाचा दाखला फाइलला लावू नये. कोल्हापूरचे वैद्यकीय वर्तुळ लहान आहे, एका फोनवर खरे-खोटे कळते, आणि फोन झाला नाही तरी पहिल्याच इमर्जन्सीत ते उघडे पडते. दुसरे, रुग्णांचे वा त्यांच्या जखमांचे फोटो ‘माझे काम’ म्हणून मोबाइलवर दाखवू नयेत. त्यातून काम दिसण्याआधी गोपनीयतेची बेफिकिरी दिसते.

बाळंतपण, घरातील आजारपण किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांमुळे नोकरीत खंड पडला असेल, तर तो एका ओळीत सरळ नोंदवावा आणि त्या काळात कौशल्य टिकवण्यासाठी काय केले, ते पुढे लिहावे. बेसिक लाइफ सपोर्टचे प्रशिक्षण अशा वेळी फार उपयोगी पडते. तारखा मागेपुढे करून खंड लपवण्याचा खटाटोप करू नये, कारण जुन्या रुग्णालयाच्या रिलीव्हिंग लेटरवर तारीख असतेच.

अर्जाचे पत्र

बायोडाटासोबत जोडायचे पत्र अर्ध्या पानाचे असावे, आणि ते त्या रुग्णालयासाठीच लिहिलेले असावे. मायना अधिसेविका किंवा मनुष्यबळ विभागाच्या पदनामाने द्यावा. पहिल्या परिच्छेदात कोणत्या पदासाठी अर्ज आहे आणि जाहिरात कोठे पाहिली, ते यावे. दुसऱ्या परिच्छेदात तुमच्या कामाचा त्या रुग्णालयाशी असलेला संबंध यावा. नमुन्यादाखल : ‘आपल्या रुग्णालयात डायलिसिस विभाग नव्याने सुरू होत असल्याचे समजले. मी मेडिसिन वॉर्डात काम करताना मूत्रपिंडाच्या विकाराच्या रुग्णांचे द्रव संतुलनाचे तक्ते नियमित ठेवले आहेत. डायलिसिस यंत्रावर काम केलेले नाही. ते शिकण्याची आणि त्यासाठी फिरत्या पाळ्यांमध्ये काम करण्याची माझी तयारी आहे.’ तिसऱ्या परिच्छेदात कधीपासून रुजू होता येईल आणि मुलाखतीस कधी येता येईल, एवढे सांगून पत्र संपवावे. घरची परिस्थिती हलाखीची आहे, मला नोकरीची अत्यंत गरज आहे, असा मजकूर घालण्याचा मोह अनेकांना होतो. ती गरज खरी असते आणि वाचणाऱ्याला ती समजतेही. पण निवड तिच्यावर होत नाही.

ई-मेलने अर्ज पाठवताना विषयाच्या ओळीत पद आणि नाव लिहावे आणि सर्व कागद एकाच पीडीएफमध्ये जोडावेत. आठवड्याने एकदा, दुपारी दोन-तीनच्या सुमारास, फोन करून अर्ज मिळाल्याची खात्री करावी. सकाळी राउंड चालू असताना मेट्रनला फोन करू नये.

मुलाखतीतील तांत्रिक प्रश्न

मुलाखतीत पुस्तकी व्याख्या क्वचितच विचारतात. प्रसंग देतात आणि तुम्ही काय कराल, ते विचारतात. उत्तर देताना आधी रुग्णाजवळ काय कराल, मग कोणाला कळवाल आणि शेवटी काय नोंदवाल, या क्रमाने बोलावे. हा क्रम अंगवळणी पडला की घाबरल्यावरही उत्तर विस्कटत नाही.

आमच्याकडे नेहमी येणारा प्रसंग रुग्ण ओळखण्याचा आहे. एका वॉर्डात दोन ‘आनंदा पाटील’ दाखल आहेत, आणि कोल्हापूर जिल्ह्यात हे अगदी रोजचे आहे. इंजेक्शन कोणाला द्यायचे, हे कसे ठरवाल? ‘बेड नंबर पाहीन’ हे उत्तर चुकीचे, कारण रुग्णाचा बेड बदलतो. ‘आनंदा पाटील तुम्हीच ना?’ असे विचारणेही चुकीचे, कारण दोघेही ‘हो’ म्हणतील. रुग्णाला त्याचे पूर्ण नाव स्वतः सांगायला लावणे, ते मनगटावरील पट्टीवरचे नाव आणि नोंदणी क्रमांक यांच्याशी, आणि मग औषधाच्या तक्त्याशी जुळवणे, ही योग्य पद्धत आहे. दोन्ही फाइलींवर ‘समान नावाचा रुग्ण’ अशी खूण लावून हँडओव्हरमध्ये (पुढच्या पाळीला काम सोपवताना) ते सांगेन, असे जिने पुढे जोडले, तिच्याकडे मुलाखत समितीचे लक्ष जाते.

औषधांचे गणित कागदावर सोडवून दाखवायला सांगतात. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीचा संच एका मिलिलिटरला २० थेंबांचा आहे. तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. इन्सुलिनचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात : ४० युनिटच्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. हा हिशेब समितीसमोर मांडता आला पाहिजे, आणि पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत एकदम देत नाहीत, पातळ करून संथ गतीनेच देतात, हेही तितक्याच ठामपणे सांगता आले पाहिजे.

संसर्ग नियंत्रणात हात धुण्याचे पाच प्रसंग पाठ असावेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद आणि हँडरबने २० ते ३० सेकंद लागतात. प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितले, तर आधी अंगठी आणि घड्याळ काढावे. एवढ्यावरूनच सवय कळते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात जातात. सुई टोचल्यास काय कराल, हा जोडप्रश्न ठरलेला आहे. जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, लगेच इनचार्जला कळवावे, रुग्णाची एचआयव्ही व हिपॅटायटिसची तपासणी पाहावी, आणि प्रतिबंधक औषध गरजेचे ठरल्यास ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे.

रक्त चढवताना थंडी-ताप आला तर रक्त ताबडतोब थांबवणे, संच बदलून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवणे, डॉक्टरांना कळवणे आणि पिशवी संचासह रक्तपेढीकडे परत पाठवणे, हा क्रम सांगावा. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णासाठी छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास, हे आकडे न अडखळता यावेत.

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या भागांतील रुग्ण येणाऱ्या रुग्णालयात सर्पदंशाचा प्रश्न येणारच. घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, हे प्राथमिक झाले. त्यापुढे रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी माहीत असावी : दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची, रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका बळावते. नाग आणि मण्यार यांच्या दंशात पापण्या जड होणे आणि श्वास मंदावणे यांवर लक्ष ठेवावे लागते. प्रतिसर्पविष म्हणजे सर्पविषावरील औषध देताना पहिल्या काही मिनिटांत रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रिनलिन हाताशी तयार ठेवेन, हे सांगणारी उमेदवार कामाची आहे, हे समितीला लगेच कळते. शेतीतील कीटकनाशक प्यालेला रुग्ण हाही इथला नेहमीचा प्रसंग आहे. त्यात उपचारांसोबत वैद्यकीय-कायदेशीर नोंद, पोलिसांना सूचना आणि पोटातून काढलेल्या द्रवाचा नमुना जपून ठेवणे, यांचा उल्लेख करावा.

वागणुकीचे प्रश्न

गावाकडून रुग्ण आला की त्याच्यासोबत जीपभर माणसे येतात, आणि सगळे एकाच वेळी ‘पेशंटला काय झालंय?’ असे विचारत असतात. ‘नातेवाईक चिडले तर काय कराल?’ या प्रश्नाला ‘शांतपणे समजावून सांगेन’ हे उत्तर अपुरे आहे. कुटुंबातील एका जबाबदार व्यक्तीला बाजूला घेईन, उपचार चालू आहेत आणि डॉक्टर किती वेळात बोलतील, हे सांगेन, निदान किंवा धोका याबद्दल स्वतः मत देणार नाही, आणि परिस्थिती हाताबाहेर जात असल्यास इनचार्ज व सुरक्षारक्षकांना बोलावेन, असे नेमके बोलावे. नातेवाइकांना काय म्हणाल, ते प्रत्यक्ष बोलून दाखवायला सांगतात. तेव्हा ‘काका, तुम्ही जरा इकडं या, मी सांगते’ अशा नेहमीच्या भाषेत बोलावे. पाठ केलेली शुद्ध वाक्ये तेथे परकी वाटतात.

एचआयव्हीबाधित रुग्णाला काय झाले आहे, असे शेजारच्या बेडवरील रुग्णाच्या नातेवाइकाने विचारले, तर काय सांगाल? काहीही सांगणार नाही, कारण ही माहिती गोपनीय ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि सर्व रुग्णांसाठी सारखीच खबरदारी घेत असल्याने बाधित रुग्णाच्या बेडवर वेगळी पाटी लावण्याचेही कारण नाही, हे उत्तर द्यावे.

डॉक्टरांचा फोनवरून आलेला आदेश चुकीचा वाटला, तर? हा प्रश्न धैर्य तपासण्यासाठी असतो. आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखवेन, डोसबद्दल शंका आहे असे स्पष्ट म्हणेन, समाधान झाले नाही तर औषध न देता इनचार्जला कळवेन, असे सांगण्यात कोणताही उद्धटपणा नाही. रुग्णाची प्रकृती डॉक्टरांना कळवताना आधी आत्ताची स्थिती, मग पार्श्वभूमी, मग स्वतःचे निरीक्षण आणि शेवटी काय हवे आहे, या क्रमाने बोलण्याचा सराव मैत्रिणीसोबत मोठ्याने करावा. ‘सर, बेड सातचे पेशंट अस्वस्थ आहेत’ एवढ्या वाक्यावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

उत्तर येत नसेल, तर ‘हे मला माहीत नाही, वॉर्डात असा प्रसंग आल्यास मी वरिष्ठांना विचारून करेन’ असे सांगावे. अंदाजाने सांगितलेला डोस हे मुलाखतीतील सर्वांत वाईट उत्तर ठरते. आधीच्या रुग्णालयाबद्दल तक्रार करू नये. नोकरी का सोडली, याचे कारण पाळ्या, अंतर, शिकण्याची संधी किंवा पगार यांपैकी जे खरे असेल, ते एका वाक्यात सांगावे.

मुलाखतीचा दिवस

कपडे साधे, इस्त्री केलेले असावेत, नखे कापलेली आणि केस बांधलेले असावेत. मूळ कागद आणि त्यांच्या प्रतींचा एक संच एकाच क्रमाने लावलेला असावा. गारगोटी किंवा आजऱ्याहून येणाऱ्यांनी पहिल्या एसटीवर विसंबून न राहता तासभर मोकळा राहील, असा हिशेब करावा. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देण्यात संकोच नको. औषधांची आणि उपकरणांची नावे मात्र फाइलवर लिहितात तशीच घ्यावीत.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर गप्प बसू नये. रात्रपाळी किती तासांची असते, रात्री एका परिचारिकेकडे साधारण किती रुग्ण असतात, व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे स्वतंत्र परिचारिका असते का, नव्या कर्मचाऱ्याला किती दिवस वरिष्ठांसोबत ठेवतात, हे विचारावे. हे प्रश्न रुग्णाच्या आणि तुमच्या, दोघांच्याही सुरक्षिततेचे आहेत आणि चांगली मेट्रन ते आवडीने ऐकते. पगाराची अपेक्षा विचारल्यास ‘तुम्ही द्याल ते’ असे म्हणू नये. परिसरातील तीन-चार रुग्णालयांत त्या पदाला काय मिळते, याची मैत्रिणींकडे आधीच चौकशी करून एक वाजवी आकडा सांगावा, आणि हाती येणारी रक्कम व पीएफसह धरलेली रक्कम यांतला फरक तेथेच स्पष्ट करून घ्यावा.

नियुक्तिपत्र हाती आल्यावर

आनंदाच्या भरात सही करण्यापूर्वी ते घरी नेऊन वाचावे. परिवीक्षा काळ किती, नोटीस पिरियड किती, साप्ताहिक सुट्टी, जादा ड्यूटीचा मोबदला, प्रसूती रजा आणि पीएफ यांबद्दल काय लिहिले आहे, हे तपासावे. बॉण्ड असल्यास त्याची मुदत आणि मध्येच नोकरी सोडल्यास भरावी लागणारी रक्कम आकड्यांत लिहिलेली असावी. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणालाही, मग तो गावातला असो की नात्यातला, एक रुपयाही देऊ नये. शासकीय भरतीचे शुल्क फक्त जाहिरातीत दिलेल्या ऑनलाइन मार्गानेच भरले जाते.

जुन्या रुग्णालयाला लेखी राजीनामा देऊन नोटीस पिरियड पूर्ण करावा आणि अनुभव प्रमाणपत्र व रिलीव्हिंग लेटर हातात घेऊनच निघावे. महिन्याभराने मागायला गेल्यावर ते मिळवणे कठीण होते. काही ठिकाणी रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे जमा करायला सांगतात. ती पडताळणीसाठी दाखवावीत आणि त्याच दिवशी परत मागून घ्यावीत. ठेवून घेण्याचा आग्रह झालाच, तर कोणकोणते कागद दिले, त्याची यादी करून तिच्यावर तारीख, शिक्का आणि स्वीकारणाऱ्याची सही घ्यावी, आणि परिषदेच्या नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र त्या यादीत घालू नये.